भांगातल्या सुया

१३ ऑगस्ट, मंगळवार

ही वही शुभमची. नागपूरला कॉलेजात गेला तेव्हा अर्धी कोरी सोडून गेला. अकोल्याच्या डॉ. गावंडे बाईंनी सांगितलं, इंजेक्शनं सुरू झाली की काय काय होतं ते लिहून ठेवा, नाहीतर बायका पुढच्या वेळी म्हणतात काहीच नाही झालं, आणि घरी मात्र डोकं धरून बसलेल्या असतात. म्हणून लिहायला घेतलं आहे.

दुखणं असं की माझा भांग रुंद होत चालला आहे. आधी बोटभर होता, आता मधोमध पायवाट पडल्यासारखा दिसतो. बेचाळीस वर्षांच्या दुसऱ्या कुठल्या बाईचं चाललं असतं, पण माझं अमरावतीत पार्लर आहे, आणि नवरीची केशरचना ही माझी ओळख. शेवंती, निशिगंध, गुलाब आमच्याच शेतातले. धर्मेंद्र पहाटे तोडून आणतात, मी अंबाड्यात माळते. (तोंडावर मी त्यांना 'अहो' म्हणते. वहीत धर्मेंद्र.) खुर्चीत बसलेली बाई आरशात स्वतःला बघता बघता मागे उभ्या असलेल्या माझ्या डोक्याकडे बघते. मी भांगात काळी पावडर भरते, पण उजेड वरून पडला की लपत नाही. या उन्हाळ्यात एका नवरीच्या मावशीने विचारलं, "ताई, तुमी सोता कोनतं तेल लावता?" वाईट हेतू नव्हता तिचा. पण भाचीला ती दुसऱ्या पार्लरमध्ये घेऊन गेली.

अमरावतीत डॉक्टर काही कमी नाहीत, पण प्रत्येकाकडे माझं एखादं गिऱ्हाईक भेटणारच. म्हणून अकोला. इमारत जुनी आहे. पहिल्या मजल्यावर कॅन्सरचे डॉक्टर, त्यांची पाटी ही मोठी. दुसऱ्या मजल्यावर गावंडे बाई, त्यांची पाटी जिन्याच्या वळणावर, लहानशी. पहिला मजला ओलांडताना अपराधी वाटलं. तिथली माणसं एवढं मोठं घेऊन बसली आहेत आणि मी केसांसाठी जिना चढते.

बाई सरळ बोलतात. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी निघालं, त्याच्या गोळ्या दिल्या. डोक्याला लावायचं औषध दिलं. मग म्हणाल्या, "तुमच्याच रक्तातला एक भाग वेगळा काढून डोक्यात टोचायचा. महिन्याला एकदा, चार वेळा. पण जाहिरातीत दाखवतात तसं जंगल उगवणार नाही. गळणं कमी होईल, बारीक झालेले केस थोडे जाड होतील. काहींना चांगला फायदा होतो, काहींना थोडा, काहींना काहीच नाही. आधी कुणालाच सांगता येत नाही."

मी म्हटलं, करू.

घरी सांगितलं की अकोल्यात नवरीच्या मेकअपचा कोर्स आहे, महिन्यातून एक मंगळवार. धर्मेंद्र "बरं" म्हणाले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या भाजी निवडत होत्या. "या वयात कोर्स," एवढंच बोलल्या.

२० ऑगस्ट, मंगळवार

पहिलं झालं. दंडातून रक्त काढून नळ्यांत भरलं, नळ्या यंत्रात गरगर फिरवल्या. खाली लाल बसलं आणि वर पिवळसर पाणी. डोक्याला बधिर करायचं मलम लावलं होतं, तरी कळत होतं. सुई बारीक, पण एक झाली की दुसरी, भांगाच्या कडेकडेने कपाळापर्यंत. कपाळाजवळच्या सगळ्यात वाईट. मी ओरडले नाही, खुर्चीचा हात धरून ठेवला.

आज केस धुवायचे नाहीत, तेल-रंग काही दिवस बंद, दुखलं तर फक्त साधी तापाची गोळी. केसांच्या रेषेवर लाल ठिपके आहेत. ओढणी डोक्यावरून घेतली आणि बसने आले.

जेवताना आत्याबाई माझ्या कपाळाकडे बघत होत्या. मी म्हटलं, बसमध्ये ऊन लागलं. त्यांनी मान डोलावली आणि ताटात अजून एक भाकर टाकली. सुटले म्हणायचं.

२४ ऑगस्ट, शनिवार

डोकं दोन दिवस जड होतं, हात लावला की दुखायचं. आता ठीक आहे, थोडी खाज येते.

आज मोठी पंचाईत होती. दर शनिवारी संध्याकाळी आत्याबाई माझ्या डोक्याला तेल चोळून देतात, लग्न झाल्यापासूनचा नेम. काय कारण सांगावं याचा विचार करत मी स्वयंपाकघरात उभी होते, तर त्याच म्हणाल्या, "आज तेल नाही, संपलं." फळीवर बाटली अर्धी भरलेली दिसत होती. त्यांचे डोळे अलीकडे अधू झालेत. दाखवावं लागेल डॉक्टरला.

११ सप्टेंबर, बुधवार

घरी महालक्ष्म्या बसल्या. आज सोळा भाज्या, पुरण, आंबील. बोलायला वेळ नाही. पण लिहून ठेवायला सांगितलंय म्हणून लिहिते: केस आधीपेक्षा जास्त गळत आहेत. उशीवर, फणीत, मोरीच्या जाळीत. मला रडू आलं. गावंडे बाईंना फोन केला. म्हणाल्या, सुरुवातीला काहींचे गळतात, घाबरू नका. त्यांचं काय जातं असं म्हणायला.

आत्याबाईंनी मला आळिवाचे लाडू करून डबा भरून दिला आणि सकाळ-संध्याकाळ एक खायचा म्हणून बजावलं. आळीव बाळंतिणीला देतात. मी विचारलं तर म्हणे, "स्वस्त भेटले म्हणून केले."

२४ सप्टेंबर, मंगळवार

दुसरं. या वेळी दुखण्याची तयारी होती, म्हणून कमी दुखलं. कोपराला कापूस तसाच चिकटवून खाली उतरले. समोरच्या बाजूला आमच्या पिकअपसारखी पांढरी गाडी उभी होती, मागे फुलांची रिकामी क्रेट. मी ओढणी पुढे ओढली. पण अकोल्यात अशा गाड्या काय थोड्या असतील. आणि पितृपक्षात कोण कुठे फुलं पोचवायला जातंय.

धर्मेंद्र आज उशिरा आले. जेवले नाहीत. पोटात बरं नाही म्हणाले.

२९ सप्टेंबर, रविवार

धर्मेंद्रांनी तंबाखूचा खर्रा सोडला. मी वीस वर्षं सांगून थकले. आज सकाळी पुडी नाही, खिशात नाही, गाडीत नाही. विचारलं तर म्हणाले, "सोडला. देवाले सांगतलं." कशाबद्दल सांगितलं ते बोलले नाहीत.

६ ऑक्टोबर, रविवार

काहीतरी आहे. दसऱ्याच्या तोंडावर झेंडूची तोडणी सोडून हे दुपारी घरी येतात, मी पार्लरमधून आले की चहा करून देतात. काल मला म्हणाले, "चिखलदऱ्याले जाऊन येऊ, दोघंच." मी म्हटलं, आता धंद्याचे दिवस. तर म्हणतात, "धंदा काय, होत राहते." ज्या माणसाने लग्नानंतर चौथ्या दिवशी शेवंतीची रोपं लावली त्याच्या तोंडून हे.

मैत्रिणींचं ऐकलं आहे, नवरा अचानक गोड वागायला लागला की समजायचं. पण यांच्याकडे बघून दुसरी बाई वगैरे मनात येत नाही. पुढून टक्कल, शर्टाला कायम झेंडूचा पिवळा डाग. बहुतेक शेताचं काही बिघडलं असावं आणि सांगायला धजत नाहीत.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

तिसरं. बाईंनी या वेळी कपाळाजवळ जास्त टोचलं. एक-दोन दिवस कपाळ सुजेल, कधी डोळ्यापर्यंत उतरतं, घाबरू नका, आपोआप जातं, म्हणाल्या. गळणं मात्र कमी झालं आहे, हे मी स्वतः बघते आहे. मोरीच्या जाळीवर आता दोन-चारच.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी उठले आणि आरशात बघितलं तर डोळे दोन फटी. कपाळ फुगून खाली उतरलेलं. आणि आज कठोऱ्यात डोहाळेजेवण, फुलांचे दागिने, फुलांचा मुकुट, सगळं माझ्याकडे. रद्द करायला वेळच नव्हता.

मी खोलीतच थांबले. काय सांगावं सुचेना. तेवढ्यात बाहेर धर्मेंद्रांचा आवाज आला, "दीपा उठली नाही का?" आणि आत्याबाई म्हणाल्या, "तिले काल शेतात माशी डसली. मोहाची. तोंड सुजलं असन, पाहून घाबरू नको."

मी काल शेतात गेलेच नव्हते. आत्याबाईंना कुणाचं काय आणि कुणाला काय, हल्ली काही आठवत नाही. पण त्यांच्या त्या विसराळूपणाने मला वाचवलं. बाहेर आले, "हो, माशी," म्हटलं. धर्मेंद्र माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मग पाठ फिरवून बाहेर गेले आणि गाडी बराच वेळ पुसत बसले.

काळा गॉगल लावून डोहाळेजेवण केलं. मुकुट सुंदर झाला. ती मुलगी म्हणाली, ताई, तुम्ही एकदम हिरोइन दिसता.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. सूज दोन दिवसांत गेली होती, आता काही नाही. शुभम दिवाळीला आला आहे. धर्मेंद्र त्याला शेतात घेऊन गेले होते. परत आल्यावर शुभम मला म्हणाला, "आई, बाबा मले विचारत होते, तुले सैपाक येते का म्हणून. शिकून घे म्हणे, कधी गरज पडते." आम्ही दोघंही हसलो. धर्मेंद्र हसले नाहीत.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आजचं सगळं लिहायलाच हवं.

सकाळी निघायला गेले तर धर्मेंद्र इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात उभे.

"चाल, गाडीत बस. मी येतो संगं अकोल्याले."

"कोर्समध्ये पुरुष चालत नाहीत."

"दीपा, मले सगळं मालूम आहे. बस."

बसले. बडनेरा मागे पडलं. मला वाटलं, केसांचं कळलं, आता म्हणतील या वयात हे नखरे कशाला. पण आवाज रागाचा नव्हता.

"कवापासून?"

"ऑगस्टपासून."

"डॉक्टर काय म्हनते?"

"आज चौथं. मग बघू म्हणतात. सगळ्यांनाच फायदा होतो असं नाही."

गाडी हळू झाली. मागचा ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला.

"दुखते का?"

"सुया घालतात तेव्हा दुखतं. मग दोन दिवस डोकं जड."

"केस जाऊन राहिले तुये. मी रोज उशीवर पाहत होतो."

"त्याच्यासाठीच तर सगळं चाललंय. नाहीच जमलं तर विग आहे."

मूर्तिजापूरजवळ त्यांनी गाडी कडेला घेतली. चहा सांगितला आणि दोघांचेही कप तसेच राहिले. म्हणाले, "हे पाय, तू मले तशीबी चालते. डोक्यावर एक केस नाही राहिला तरीबी."

खरं सांगायचं तर मला रागच आला. मी म्हटलं, "तुम्हाला चालते हो, पण मला आरशात चालायला पाहिजे." ते म्हणाले, "बहुत हिमतीची आहेस तू." केसांत सुया टोचून घ्यायला एवढी कसली हिंमत लागते, मला समजेना.

अकोल्याला इमारतीपाशी गाडी लावली. ते पुढे, मी मागे. पहिल्या मजल्यावर त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या.

"तिकडे कुठे?"

"इथंच नं?"

"नाही हो, वर."

"वर काय आहे?"

मी जिन्याच्या वळणावरची लहान पाटी दाखवली. त्वचा व केस विकार. त्यांनी ती वाचली. मग पहिल्या मजल्याची मोठी पाटी वाचली. पुन्हा लहान वाचली. आणि तिथेच पायरीवर बसले.

सप्टेंबरमध्ये अकोल्याच्या एका सभागृहात कसल्याशा सत्काराला फुलं द्यायला आले होते. मी त्या जिन्यातून उतरताना दिसले, कोपराला कापूस. समोरून त्यांना कॅन्सरची ती एकच पाटी दिसली. तेव्हापासून हा माणूस दोन महिने मनात माझं सगळं करून बसला होता. मला मात्र वाटत होतं, शेताचं काहीतरी आहे.

आधी ते हसले. मग हसता हसता रडायला लागले आणि ते थांबेना. मी शेजारी बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पहिल्या मजल्यावरून एक बाई बाहेर आल्या, माझ्या वयाच्या असतील, डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला. हातातली पाण्याची बाटली पुढे केली. "काय झालं भाऊ?"

धर्मेंद्र पाणी प्याले. "माझ्या बायकोले काही नाही झालं," म्हणाले.

"मग चांगलं आहे नं," त्या म्हणाल्या, आणि खरोखर हसल्या. बाटली घेऊन आत गेल्या. मला त्यांचं नावही विचारायचं सुचलं नाही.

चौथं घेताना धर्मेंद्र आत बसले, गावंडे बाईंनी परवानगी दिली. नळीतलं पिवळं पाणी बघून म्हणाले, "हे तं दह्याच्या निवळीसारखं दिसते." मग धीर करून स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला, "बाई, माझं काही होईल का?"

बाईंनी भिंगातून बघितलं. "शेती करता ना? रोपं सुकली असतील तर पाणी द्यायचं. तुमच्याकडे शेतच पडीक पडलंय."

परत येताना बोरगावला भजी खाल्ली. धर्मेंद्रांनी तीन प्लेट खाल्ल्या. डोकं दुखतंय, पण आज लिहावंसं वाटतंय.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान करून आलो. मग धर्मेंद्रांनी आत्याबाईंना सगळं सांगितलं, हात जोडून, मला कसं वाटलं, मी काय काय विचार केला. आत्याबाई शेंगा फोडत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मले तं पहिल्याच दिवशी समजलं होतं. माझ्या परतवाड्याच्या भाचीनं हेच केलतं. तिच्याबी कपायावर अशेच ठिपके."

मी उभीच राहिले. तेलाची बाटली, लाडू, मोहाची माशी. आणि मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला निघाले होते.

धर्मेंद्र चिडले. "मंग मले कावून नाही सांगतलं?"

"तिनं मले सांगतलं होतं का? तिचं गुपित, तिनं ठेवलं. मी कोन होते फोडाले?" मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता तं माहीत झालं. शनिवारी तेलाचं विचार त्या डॉक्टरनीले. चालते का नाही ते."

७ जानेवारी, मंगळवार

गावंडे बाईंनी ऑगस्टचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी शेजारी दाखवले. धर्मेंद्र म्हणाले, खूप फरक आहे. बाई म्हणाल्या, खूप नाही, थोडा आहे. मला दोन्हींच्या मधलं दिसलं. भांग अरुंद झाला आहे, बुजला नाही. गळणं जवळजवळ थांबलं आहे. कडेला बारीक नवे केस, लहान मुलाच्या जावळासारखे.

मी विचारलं, हे इंजेक्शनमुळेच का?

"शंभर टक्के नाही सांगू शकत," त्या म्हणाल्या. "औषध लावत होता, लोहाच्या गोळ्या घेतल्या. सगळ्याचं मिळून असेल. टिकवायचं असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा एकदा घ्यावं लागेल, आणि घेतलं तरी वय आपलं काम करत राहणार."

थोडी खट्टू झाले. मला वाटत होतं, कुणीतरी म्हणेल झालं, आता विसरा. तसं कुणी म्हणत नाही. पण सहा महिन्यांनी मी येणार आहे, हे जिना उतरतानाच ठरवलं. आणि तेव्हा ओढणी घेणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आज वसंत पंचमीचं लग्न होतं. नवरी अंजनगाव सुर्जीची, नाव खुशी. आई घेऊन आली आणि आत येताच म्हणाली, ताई, पडदा ओढून घ्या. मी ओढला. आईने मुलीच्या डोक्यावरची ओढणी सारली. दिवाळीत टायफॉइड झाला होता तिला. मूठभर केस राहिले होते, आणि त्यातून पांढरी कातडी दिसत होती. पोरगी आरशाकडे बघतच नव्हती. आई म्हणाली, "नवरदेवाकडचे विचारतील, इतके कावून कमी. कोनालेच सांगू नका."

मी म्हटलं, तापानंतरचे केस बहुतेक वेळा आपोआप परत येतात, थोडे महिने जातात. नाहीच आले तर चांगल्या डॉक्टरला दाखवा, जाहिरात बघून कुठेही जाऊ नका. रक्त आधी तपासा. इंजेक्शनं असतात, दुखतात, तोंड सुजतं, आणि फायदा होईलच असं नाही. मला झाला, थोडा.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान खाली करून भांग दाखवला. आज पावडर भरली नव्हती. खुशीने बोट लावून बघितलं, आईने "अवं" म्हणून तिचा हात मागे ओढला. मी म्हटलं, राहू द्या, बघू द्या तिला.

मग कामाला लागलो. गंगावन लावलं नाही, तिचे होते तेवढेच घेतले. मानेवर लहान अंबाडा, भोवती पांढरी शेवंती दाट, भांगावर निशिगंधाची बारीक सर. धर्मेंद्र दारातून फुलं देऊन गेले, ती एकूण एक लागली. झाल्यावर खुशीने पहिल्यांदा आरशात वर बघितलं. डावीकडून, उजवीकडून. मग पडदा तिनेच सारला.

बाहेर तिच्या मावश्या, चुलत्या बसल्या होत्या. त्यांतली एक उठून जवळ आली, अंबाड्याला हात लावत म्हणाली, "सांग खरं, यातले तुये किती?"

खुशी माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "जेवढे आहेत तेवढे सगळे माझेच आहेत."